सोडियम ११७ आणि एक शंभर पानी वही

केमो घेतलेल्या रुग्णाचं सोडियम खाली आलं की वॉर्डात पहिलं नाव निघतं ते 'एसआयएडीएच'. शरीरात पाणी धरून ठेवणारं एडीएच हे हार्मोन गरज नसताना स्रवत राहतं, पाणी साठतं, रक्तातलं मीठ पातळ होतं. उपाय काय, तर पाणी कमी करा. हे इतकं पाठ झालेलं असतं की केसपेपरवर पेन आपोआप चालतं. या प्रकरणात ते पेन माझं होतं.

अशाच दोन-तीन रुग्णांच्या नोंदी एकत्र करून हे लिहिलं आहे आणि ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. रुग्णाला इथे अण्णा म्हणू.

अण्णा छप्पन्न वर्षांचे. थोडा ऊस, दोन म्हशी आणि विशीपासून तंबाखू-चुना. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, पण अण्णांच्या चंचीतली साधी तंबाखू त्या बंदीत कधीच नव्हती. डाव्या गालाच्या आत कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, डाव्या मानेतल्या गाठी काढल्या. त्यातल्या एका गाठीच्या आवरणाबाहेर रोग पसरलेला दिसला, म्हणून रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध द्यायचं ठरलं. दर तीन आठवड्यांनी, शरीराच्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरला १०० मिलिग्रॅम.

हा डोस मोठा आहे, पण उगाच मोठा नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधून २०१८ साली एक चाचणी प्रसिद्ध झाली. डोकं-मानेच्या कॅन्सरचे ३०० रुग्ण, निम्म्यांना दर आठवड्याला ३० मिलिग्रॅम, निम्म्यांना तीन आठवड्यांनी १००. दोन वर्षांनी रोग जागच्या जागी आटोक्यात राहिलेले आठवड्यावाल्यांत ५८.५ टक्के, तीन आठवड्यांवाल्यांत ७३.१ टक्के. त्रास मात्र मोठ्या डोसवाल्यांना जास्त झाला. त्यामुळे अण्णांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी जो डोस निवडला त्याला मी नावं ठेवणार नाही. त्यांच्या जागी मीही तोच निवडला असता.

केमोआधीचे आकडे चांगले होते. वजन ६२ किलो, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं गाळणं मंदावलं की रक्तात वाढणारा आकडा) ०.९, सोडियम १३७, पोटॅशियम ४.२, मॅग्नेशियम १.९. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅमची रोजची एक गोळी. नाकातून नळी, कारण ऑपरेशननंतर तोंडाने नीट गिळता येत नव्हतं. सिस्प्लॅटिनच्या दिवशी दोन लिटर सलाईन, त्यात पोटॅशियम आणि मॅग्नेशियम, उलटीची औषधं, सगळं नियमाप्रमाणे झालं. दुसऱ्या दिवशी आणखी एक लिटर सलाईन देऊन घरी सोडलं. जाताना छापील कागद दिला: भरपूर पाणी द्या, किडनीसाठी चांगलं.

नवव्या दिवशी पहाटे अण्णा न्हाणीतून बाहेर येताना खाली बसले आणि त्यांना उठता येईना. दुपारपर्यंत ते झापड आल्यासारखे पडून होते. विचारलं तर उत्तर द्यायचे, पण उशिरा आणि भलतंच. जनावरांना पाणी दाखवलं का, असं मुलाला पुन्हा पुन्हा विचारत होते.

कॅज्युअल्टीतल्या तपासण्या अशा आल्या. सोडियम ११९. पोटॅशियम ३.१, मॅग्नेशियम १.१, क्रिएटिनिन १.४, युरिया ४२, साखर ११२, युरिक ॲसिड ३.१. रक्ताची ऑस्मोलॅलिटी (द्रव किती घट्ट आहे त्याचं माप) २५०, म्हणजे रक्त खरोखरच पातळ झालेलं. लघवीची ऑस्मोलॅलिटी ४८०, लघवीतलं सोडियम ११२, क्लोराइड ९८. थायरॉइड ठीक, सकाळचं कॉर्टिसॉल १६. कॉर्टिसॉल मुद्दाम पाहिलं होतं, कारण उलटीसाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलेलं असतं आणि ते बंद झाल्यावर ॲड्रिनल ग्रंथी कधी कधी सुस्त पडते. झोपलेल्या अवस्थेतला रक्तदाब ११८/७४.

पुस्तक उघडून एसआयएडीएचचे निकष शेजारी ठेवले तर एकेक जुळत जातो. रक्त पातळ, लघवी मात्र घट्ट. लघवीत भरपूर सोडियम. युरिक ॲसिड चारच्या खाली. थायरॉइड, कॉर्टिसॉल ठीक. वर डोकं-मानेचा कॅन्सर, जो स्वतःच कधी कधी एडीएच वाढवतो. मळमळ आणि वेदना ही तर एडीएच स्रवायची नेहमीची कारणं. १९५७ साली श्वार्ट्झ आणि बार्टर यांनी या विकाराचं पहिलं वर्णन केलं, तेही फुप्फुसाच्या कॅन्सरच्या दोन रुग्णांवरून. कॅन्सर आणि एसआयएडीएच ही जोडी त्यामुळे आमच्या डोक्यात जन्मापासून एकत्र बसलेली.

एक निकष राहिला: रुग्णाच्या अंगात पाणी कमी नसावं. तो तपासायचा कसा? जीभ कोरडी होती, पण मानेला रेडिएशन चालू असलेल्या माणसाची जीभ कोरडी असायचीच. मानेतली शीर किती वर फुगते हे पाहावं, तर डावी बाजू ऑपरेशनने ओढलेली आणि उजवी पाहायला मान वळवावी लागते, ती वळत नव्हती. क्रिएटिनिन वाढलेलं, पण सिस्प्लॅटिननंतर ते वाढतंच. प्रत्येक खुणेला एक सबब तयार होती आणि मी सगळ्या सबबी मान्य केल्या. केसपेपरवर लिहिलं: 'एसआयएडीएच, सिस्प्लॅटिन/कॅन्सर. दिवसाला एकूण ८०० मिलीच्या वर पाणी नको.' खाली सही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोडियम ११७. क्रिएटिनिन १.८.

मी निवासी डॉक्टरला पहिला प्रश्न केला तो असा की, घरच्यांनी चोरून पाणी दिलं का? हा आमचा आवडता संशय. पाणी बंद केलं आणि सोडियम चढलं नाही की नातेवाइकांवर ढकलायचं. तो म्हणाला, नाही सर, नळीतून सिस्टरच देतायत, हिशोब आहे. हिशोब पाहिला. आत ८०० मिली. लघवी २,४०० मिली.

एसआयएडीएचच्या रुग्णाला पाणी तोडलं की लघवी कमी आणि गडद होते. तो रोज आत जातं त्याच्या तिप्पट बाहेर टाकत नाही. मी त्या आकड्यापाशी थांबलो तेव्हा अण्णांची बायको पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. हातात शंभर पानी वही, वर गणपतीचं चित्र.

"साहेब, हे बघता का? काल बी दाखवणार होते."

वहीत पट्टीने रेघा मारून रकाने पाडले होते. वेळ. काय दिलं. किती. लघवी. वजन. नळीतून काय काय द्यायचं ते लिहून ठेवा, असं आहाराच्या मॅडमनी सांगितलं होतं. लघवी आणि वजन हे काकूंनी स्वतःच्या मनाने वाढवलेलं.

"काकू, लघवीचं कशासाठी लिहिलंत?"

"आत जातंय त्ये लिवायचं तर भायेर येतंय त्ये बी लिवावं की. आन् लईच जाया लागलं होतं रातीचं. बाटली लावून मोजलं."

बाटली म्हणजे वरचा भाग कापलेली पाण्याची लिटरची बाटली. पाचव्या दिवसासमोर लिहिलं होतं: 'बाटली साडेतीन वेळा'. सातव्या दिवसासमोर: 'चार वेळा, उठताना अंधारी'. वजन मुलीने आणून दिलेल्या काट्यावरचं. तिसऱ्या दिवशी ६२.४, पाचव्या दिवशी ६१.६, सातव्या दिवशी ६०.७. आमच्याकडे दाखल होताना ५९.८ आणि त्या दिवशी सकाळी ५७.९.

पाणी साठून सोडियम पातळ झालेल्या माणसाचं वजन असं उतरत नाही.

मग जे कॅज्युअल्टीत पहिल्या पाच मिनिटांत करायला हवं होतं ते केलं. झोपवून रक्तदाब ११२/७०, नाडी ९६. सिस्टरने एका बगलेत हात घातला, मी दुसऱ्या, आणि अण्णांना पलंगाशेजारी उभं केलं. मनगट माझ्या बोटांखाली होतं. झोपलेले असताना जी नाडी सहज लागत होती ती काही सेकंदांत दोऱ्यासारखी बारीक झाली आणि पळायला लागली. एक मिनिट पुरं होता होता रक्तदाब ८२/५०, नाडी १२४. अण्णा म्हणाले, "खाली बसवा." रक्तदाबाच्या जुन्या रुग्णाचा झोपलेला ११८/७४ हा आकडा मला आदल्या दिवशी छान वाटला होता, हे आठवून कानकोंडं व्हायला झालं.

लघवीचा पुढचा हिशोब तिथेच कागदावर मांडला. २.४ लिटर लघवी, लिटरला १०५ मिलिमोल सोडियम, म्हणजे दिवसाला सुमारे २५० मिलिमोल. स्वयंपाकघराच्या भाषेत जवळपास पंधरा ग्रॅम मीठ, तीन सपाट चमचे. नळीतून जात होतं फार तर तीन ग्रॅम. घरी रक्तदाबामुळे जेवण कमी मिठाचंच होतं, आणि नळीतून द्यायची नाचणीची पेज, डाळीचं पाणी, दूध, ताक, नारळपाणी हे सगळं जवळपास अळणी. त्यावर दर तासाला साधं पाणी, कारण छापील कागदावर तसं लिहिलेलं. म्हणजे एका बाजूने मीठ आणि पाणी दोन्ही गळत होतं आणि दुसऱ्या बाजूने फक्त पाणी भरलं जात होतं. मग मी ते भरणंही थांबवलं, गळती तशीच ठेवून.

या विकाराला 'रीनल सॉल्ट वेस्टिंग' म्हणतात. मी याला मीठगळती म्हणतो.

सिस्प्लॅटिनने ही गळती का सुरू होते, ते सांगायला थोडं आत जावं लागेल. निरोगी माणसाची दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. त्या द्रवात सुमारे २५,००० मिलिमोल सोडियम असतं. मीठ म्हणून तोलायचं तर दीड किलोच्या आसपास. रोज दीड किलो मीठ गाळणीतून खाली येतं आणि त्यातलं जवळजवळ सगळं नलिका परत उचलतात. पहिल्या टप्प्यातली नलिका, म्हणजे प्रॉक्सिमल ट्युब्यूल, एकटी ६५ टक्क्यांच्या आसपास उचलते. या कामात शंभरात एकाची जरी चूक झाली तरी दिवसाला पंधरा ग्रॅम मीठ जातं. अण्णांचं गाळणं निम्म्यावर आलेलं होतं, त्यामुळे त्यांच्या नलिकांची चूक शंभरात दोनची झाली असेल. क्रिएटिनिनच्या एका आकड्यात हे दिसत नाही. क्रिएटिनिन गाळणीचं सांगतं, उचलणाऱ्यांचं नाही.

सिस्प्लॅटिनचा मारा नेमका उचलणाऱ्यांवर होतो. रक्तात क्लोराइड भरपूर असतं, तिथे हे औषध शांत असतं. म्हणून तर ते सलाईनमध्ये मिसळून देतात. नलिकेच्या पेशीला रक्ताच्या बाजूने ओसीटी-२ नावाचं दार आहे. शरीरातला नको असलेला धनभारित माल पेशीत ओढून घेणं हे त्या दाराचं रोजचं काम, आणि सिस्प्लॅटिनही त्यातूनच आत ओढलं जातं. औषध मूत्रपिंडात रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट साचतं. पेशीच्या आत क्लोराइड फारच कमी. तिथे सिस्प्लॅटिनवरचे क्लोराइड सुटतात, त्यांच्या जागी पाणी बसतं, आणि आता हा रेणू दिसेल त्याला चिकटतो: डीएनए, प्रथिनं, पेशीची ऊर्जाकेंद्रं. कॅन्सरच्या पेशीत हेच व्हावं म्हणून तर आपण ते देतो. सर्वात जास्त मार बसतो तो प्रॉक्सिमल ट्युब्यूलच्या शेवटच्या सरळ भागाला. पुढच्या भागातली मॅग्नेशियम उचलणारी यंत्रणाही बिघडते, आणि मॅग्नेशियम खाली गेलं की पोटॅशियमही लघवीतून सुटायला लागतं. अशा वेळी नुसतं पोटॅशियम कितीही चढवा, मॅग्नेशियम भरून निघेपर्यंत ते टिकत नाही.

मग एडीएचचं काय? ते अण्णांच्या अंगात वाढलेलं होतंच. लघवी ४८० पर्यंत घट्ट होणं त्याच्याशिवाय शक्य नाही. दोन्ही विकारांची गल्लत होते ती इथेच. मेंदूच्या तळाशी पिट्युटरीच्या मागच्या भागात साठवलेलं हे हार्मोन दोन वेगळ्या हुकमांवर सुटतं. रक्त जरा घट्ट झालं, अगदी एक-दोन टक्क्यांनी, तरी सुटतं. रक्ताचं आकारमान आठ-दहा टक्क्यांनी घटलं तरीही सुटतं. आणि दोन हुकूम एकमेकांच्या विरुद्ध आले, रक्त पातळ आहे पण कमीही आहे, तर शरीर दुसरा मानतं. आधी रक्तदाब सांभाळायचा, सोडियमचं मागाहून बघू. ते योग्यच आहे. एसआयएडीएचमध्ये एडीएच बिनहुकमी सुटतं. अण्णांच्या अंगात ते हुकमावरच सुटत होतं. रक्तातलं एडीएच मोजून आणलं असतं तरी ते दोन्हीकडे वाढलेलंच आलं असतं. हुकूम कोणी दिला हे प्रयोगशाळेतून कळत नाही. ते उभ्याने घेतलेल्या रक्तदाबातून, वजनातून आणि आत-बाहेरच्या हिशोबातून कळतं.

अल्डोस्टेरॉन हे दुसरं हार्मोन. इतकं मीठ जात असताना त्याने जोर लावून शेवटच्या नलिकेतून तरी मीठ परत ओढायला हवं. ती तपासणी आम्ही बाहेर पाठवली आणि अहवाल सहा दिवसांनी आला: अल्डोस्टेरॉन कमीच. सिस्प्लॅटिनच्या मीठगळतीत हे हार्मोन अपेक्षेइतकं न चढल्याची वर्णनं आहेत. पण अण्णा टेल्मिसार्टनवर होते, जे अल्डोस्टेरॉन स्रवायला लावणाऱ्या साखळीतच खोडा घालतं, आणि पोटॅशियम खाली गेलं तरी अल्डोस्टेरॉन दबतं. त्यामुळे तो अहवाल मी पुराव्यात धरत नाही. टेल्मिसार्टन पहिल्याच दिवशी बंद करायला हवं होतं, ते मात्र त्यातून पुन्हा लक्षात आलं. नवव्या दिवसापर्यंत रोज गोळी कुटून नळीतून दिली जात होती. तेही वहीत होतं.

साध्या कोरडेपणाशी याची तुलना करून पाहा. उलट्या-जुलाबांनी सुकलेल्या माणसाची मूत्रपिंडं धड असतील तर ती मीठ कंजुषासारखं धरून ठेवतात आणि लघवीतलं सोडियम वीसच्या खाली जातं. जोराच्या उलट्यांमध्ये कधी सोडियम जास्त दिसतं, पण तेव्हा क्लोराइड तळाला असतं. अण्णांना चौथ्या दिवसानंतर उलटी नव्हती, आणि सोडियम-क्लोराइड दोन्ही शंभराच्या आसपास होते. शरीर सुकत होतं आणि मूत्रपिंड उधळपट्टी करत होतं.

सकाळी अकराला सलाईन सुरू केलं. त्याआधी ३ टक्क्यांचं घट्ट सलाईन १०० मिली दिलं, कारण झापड वाढली होती. सोबत शिरेतून मॅग्नेशियम आणि पोटॅशियम. आता धास्ती दुसऱ्या टोकाची. सोडियम फार भरभर चढलं तर मेंदूतल्या मज्जातंतूंचं आवरण झडतं, आणि ते नुकसान भरून येईलच असं नाही. अण्णांसारख्या खंगलेल्या, पोटॅशियम कमी असलेल्या माणसात चोवीस तासांत आठच्या वर चढू द्यायचं नाही, अशी मर्यादा आम्ही फळ्यावर लिहून ठेवली.

संध्याकाळी पाचला १२१. रक्तदाब सुधारला, उभं केल्यावर चक्कर कमी. अण्णांनी नातवाचं नाव घेतलं. आम्ही खूश. रात्री नऊला सिस्टरचा फोन: सर, तासाला साडेतीनशे मिली लघवी होतेय, अगदी पाण्यासारखी. रक्त तपासलं तर सोडियम १२४. दहा तासांत सात.

का झालं ते उघड होतं. रक्ताचं आकारमान भरल्याबरोबर दुसरा हुकूम मागे घेतला गेला, एडीएच थांबलं, आणि इतके दिवस अडवलेलं पाणी धरणाचे दरवाजे उघडावेत तसं सुटलं. लघवीची ऑस्मोलॅलिटी ४८० वरून १९० वर आली होती. आता उपाय एकच. डेस्मोप्रेसिन, म्हणजे एडीएचचंच बनवलेलं रूप, २ मायक्रोग्रॅम शिरेतून, आणि सोबत पाच टक्के डेक्स्ट्रोज. ज्या हार्मोनच्या नावाने आदल्या दिवशी खडे फोडले तेच रात्री दहाला फार्मसीतून मागवावं लागलं. निवासी डॉक्टरने ऑर्डर दोनदा वाचून दाखवली आणि मी दोनदा हो म्हणालो. सकाळी अकराला सोडियम १२४ वरच होतं.

पुढचे दिवस संथ गेले. सलाईन हळूहळू उतरवलं, नळीतून मीठ वाढवत नेलं. अल्डोस्टेरॉनचं काम करणारं फ्लुड्रोकॉर्टिसोन ०.१ मिलिग्रॅमने सुरू केलं, तिसऱ्या दिवशी ०.२ केलं. ओआरएस चालेल का, असं मुलाने विचारलं होतं. प्रश्न चांगला होता. ओआरएसच्या लिटरभर पाण्यात ७५ मिलिमोल सोडियम असतं, अण्णांच्या लघवीत शंभराच्या वर. जुलाबाला जे पुरतं ते इथे पातळच. म्हणून ओआरएसमध्येही वरून मीठ.

काकूंना हे पटवणं सगळ्यात अवघड गेलं. दहा वर्षं त्यांनी अण्णांच्या ताटातलं लोणचं-पापड काढून घेतलं होतं.

"बीपीला मीठ वाईट म्हणून तुमीच सांगताय आन् आता चमच्यानं घाला म्हणताय."

"काकू, बीपी उभं राहिलं की ऐंशीवर येतंय. सध्या मीठ हेच औषध."

"किती?"

तराजू आणून दाखवलं. दिवसाला नऊ ग्रॅम, तीन भाग करून. त्यांनी वहीत नवा रकाना आखला.

दाखल झाल्यापासून आठव्या दिवशी सोडियम १३४, क्रिएटिनिन १.३, वजन ६१. घरी सोडण्याआधी एक तपासणी मुद्दाम केली. गाळलेल्या युरिक ॲसिडपैकी किती टक्के लघवीतून जातं, तो हिशोब. एरवी हा आकडा दहाच्या खाली असतो. अण्णांचा पहिल्या दिवशी १९ होता. एसआयएडीएच असेल तर सोडियम सुधारल्यावर हा आकडाही उतरून अकराच्या खाली येतो. अण्णांचा १७ राहिला. हा निकष सोडियम खाली असताना कामाचा नाही, दोन्हीकडे तो वाढलेलाच असतो. सुरुवातीला रोगाचं निदान त्याच्यावर सोडता येत नाही, नंतर ते पक्कं करता येतं. मला स्वतःला तो वहीइतका पटला नाही, पण पेपरवर लिहायला बरा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर एसआयएडीएच म्हणजे उगाच बदनाम केलेलं नाव असं वाटेल. केमोमध्ये तो खराखुरा होतो. व्हिन्क्रिस्टिन हे केमोचं औषध मेंदूतल्या एडीएचच्या नियंत्रणालाच इजा करतं, आणि सोबत बुरशीवरची काही औषधं, जसं इट्राकोनाझोल, चालू असतील तर जास्तच. सायक्लोफॉस्फामाइड मूत्रपिंडातच पाणी परत ओढायला लावतं. त्या औषधात मूत्राशय वाचवायला भरपूर पाणी पाजतात, आणि तेच पाणी अंगात अडकतं. या रुग्णांना सलाईन लावलं तर मीठ लघवीतून निघून जातं, पाणी मागे राहतं आणि सोडियम आणखी उतरतं. म्हणजे चूक उलट दिशेनेही तितकीच महागात पडते. आयफॉस्फामाइडचा प्रकार सिस्प्लॅटिनच्या जवळचा. तेही प्रॉक्सिमल ट्युब्यूलला मारतं, पण मिठाबरोबर फॉस्फेट, ग्लुकोज, बायकार्बोनेट असं बरंच गळतं आणि लहान मुलांमध्ये त्यातून मुडदूसही होतो.

अण्णांना सिस्प्लॅटिनचा दुसरा डोस दिला नाही. हा निर्णय कॅन्सरच्या डॉक्टरांचा, मी फक्त क्रिएटिनिन आणि लघवीतलं सोडियम त्यांच्यासमोर ठेवलं. रेडिएशन तर थांबवायचं नव्हतं. मग आठवड्याला डोसिटॅक्सेल, चौरस मीटरला १५ मिलिग्रॅम, हा पर्याय घेतला. सिस्प्लॅटिन न झेपणाऱ्या रुग्णांत रेडिएशनबरोबर हे दिल्याने दोन वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ४१.७ वरून ५०.८ टक्क्यांवर गेलं, असं टाटामधूनच आलेल्या २०२३ च्या चाचणीत दिसलं होतं. ते औषध मूत्रपिंडाच्या वाटेने जात नाही, हे माझ्या दृष्टीने मोठं.

छापील कागद बदलायला मात्र दीड महिना लागला. 'भरपूर पाणी द्या' याच्या जागी काय लिहायचं यावर आमच्यातच वाद. मीठ घाला असं सरसकट लिहिलं तर हृदयाच्या रुग्णाला ते भोवेल. शेवटी तीन ओळी ठरल्या: रोज सकाळी लघवी झाल्यावर वजन करा; दोन दिवसांत एक किलोच्या वर उतरलं किंवा उठताना अंधारी आली तर फोन करा; रक्तदाबाची गोळी चालू ठेवायची का ते विचारून घ्या. कॅज्युअल्टीच्या कागदावर रक्तदाबाच्या चौकटीत 'उभ्याने' अशी दुसरी चौकट आली. ती बऱ्याचदा रिकामीच असते. रात्री दोनला चक्कर येणाऱ्या माणसाला उभं करायला दोन जण लागतात, आणि दोन जण असतात कुठे.

चौथ्या महिन्यात फ्लुड्रोकॉर्टिसोन बंद केलं. सोडियम १३६ वर टिकलं. क्रिएटिनिन १.२ ला थांबलं आहे, ०.९ वर परत गेलं नाही. मॅग्नेशियम सहाव्या महिन्यातही गोळ्या घेऊन १.४, आणि गोळ्या वाढवल्या की जुलाब होतात, म्हणून तिथेच ठेवलं आहे. नळी निघाली, अण्णा भात कालवून खातात. गेल्या खेपेला रक्तदाब १४८/९० आला. वही आता दुसरी आहे. काकूंनी मिठाच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, आता हे कमी करायचं का. मी हो म्हणालो. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "लिवून द्या. सही करून."